साडेसदतीस मीटरची तीन विमानं

फोंड्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा एका रात्री साडेअकराला फोन आला. "मामा, मुरगावच्या बाहेर विमानवाहू नौका उभी आहे. फोटो पाठवलाय, बघ."

फोटो उपग्रहाचा होता, कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत आलेला. निळ्या समुद्रात एक लांबट राखाडी आकृती, तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि वर ठळक अक्षरांत ‘मोठी हालचाल’. मी चित्राच्या कोपऱ्यातली मोजपट्टी धरून लांबी काढली. सव्वादोनशे मीटरच्या आसपास भरली. रुंदी एका बाजूला फुगल्यासारखी. ती फुगलेली बाजू म्हणजे विमानं उतरायचा तिरका डेक, असं भाच्याचं म्हणणं. वास्कोत वाढलेल्या माणसाला तिथं दुसरंच दिसतं. नांगर टाकून खनिज भरून घेणारी मालवाहू बोट आणि तिच्या कुशीला बांधलेला बार्ज, म्हणजे नदीतून खनिज आणणारी बसकी बोट.

"पण मामा, आकार तर तसाच दिसतो."

दिसतो. घोळ तिथंच आहे. उपग्रहचित्रातलं जहाज ओळखायचं म्हणजे डॉक्टर जसा एकेक आजार बाद करत जातो तसं एकेक शक्यता खोडत जायचं. शेवटी जे खोडता येत नाही ते उत्तर. पुष्कळदा एकच नाव उरत नाही, दोन-तीन उरतात, आणि तिथं थांबायचं धैर्य लागतं. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांकडे नेमकं तेच नसतं.

फरशीचं गणित

अंगणात फरश्या बसवल्यात असं समजा. प्रत्येक फरशीला एकच रंग द्यायची मुभा आहे, तिच्यात नक्षी काढता येत नाही. खाली जे काही असेल त्या सगळ्याचा सरासरी रंग त्या फरशीला मिळतो. ही फरशी म्हणजे पिक्सेल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कुणालाही फुकट बघता येतात, आणि त्याची सगळ्यात बारीक फरशी १० मीटर बाय १० मीटरची आहे. आपल्या आयएनएस मुरगाव या विनाशिकेची लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटर. म्हणजे लांबीला सोळा फरश्या आणि रुंदीला जेमतेम दोन. विक्रमादित्य या विमानवाहू नौकेची लांबी २८४ मीटर, तिला अठ्ठावीस. मिग-२९के हे लढाऊ विमान सतरा मीटर लांब आणि पंख पसरल्यावर बारा मीटर रुंद, म्हणजे दोन फरश्यासुद्धा नाहीत. सेंटिनेलच्या चित्रात कुणी तुम्हाला लढाऊ विमान ‘दाखवत’ असेल तर तो धावपट्टीवरचा डाग दाखवतो आहे.

पैसे मोजायची तयारी असेल तर फरशी लहान होत जाते. काही खाजगी कंपन्यांचे छोटे उपग्रह जवळजवळ रोज तीन मीटरच्या फरशीने पृथ्वी टिपतात. सगळ्यात तीक्ष्ण व्यावसायिक चित्रं ३० सेंटिमीटरच्या घरात आहेत. इस्रोने नोव्हेंबर २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ ची क्षमता २५ सेंटिमीटर आहे. तीस सेंटिमीटरच्या चित्रात तेच मिग लांबीला पन्नासाहून जास्त फरश्या घेतं. तिथं शेपटीचे दोन उभे पंखही वेगवेगळे कळतात.

हे किती बदललं आहे ते बघा. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहाची पहिली फिल्म ऑगस्ट १९६० मध्ये हाती आली. फिल्मचा डबा अवकाशातून पॅराशूटने खाली सोडायचा आणि विमानाने आकडा टाकून तो हवेतल्या हवेत पकडायचा, असा सगळा प्रकार होता. त्या पहिल्या चित्रांत सायबेरियाच्या टोकाचा एक हवाई तळ होता. चित्राची स्पष्टता साधारण १२ मीटर. जे तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर जात होतं आणि १९९५ पर्यंत गुप्त होतं, त्याहून जरा बरं चित्र आज माझा भाचा काजू खात खात मोबाइलवर बघतो.

पण बारीक फरशी म्हणजे ओळख नव्हे. १९५८ साली जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी शास्त्रज्ञाने रात्रीच्या दुर्बिणींसाठी एक हिशेब मांडला होता. तो आजही ढोबळ नियम म्हणून वापरतात. वस्तूच्या अरुंद बाजूवर साधारण दोन पिक्सेल पडले तर ‘काहीतरी आहे’ एवढं कळतं. आठेक पडले तर ‘हे जहाज आहे, तो ट्रक आहे’ अशी जात कळते. तेरा पडले तर नेमका प्रकार सांगता येतो. आणि हे सगळं निम्म्या वेळा बरोबर येण्यासाठी! सतरा मीटर रुंदीच्या युद्धनौकेचा प्रकार सांगायचा तर पिक्सेल सव्वा मीटरच्या आसपास हवा. दहा मीटरच्या चित्रावरून जहाजाचं नाव सांगणारा माणूस चित्र वाचत नसतो, स्वतःची इच्छा वाचत असतो.

बोगमाळोची गोष्ट

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी गुगल अर्थवर बोगमाळोच्या बाजूला भटकताना मला चार इंजिनांचं एक विमान दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर शेपटीला एक नव्हे, तीन उभे पंख. अशी विमानं समुद्रावर पाळत ठेवायला वापरायचे हे कुठंतरी वाचलेलं. मी उत्साहाने पंखांची लांबी मोजली, साडेसदतीस मीटर भरली. आमच्या चहाच्या टेबलावर दोन दिवस मी एका ‘गुप्त’ विमानावर भाषणं दिली. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त नौसैनिक शेजाऱ्याने विचारलं, "अहो, तुम्ही नौदलाच्या विमान संग्रहालयात कधी गेला नाहीत का?"

१९९८ पासून बोगमाळोला ते संग्रहालय आहे. माझं गुप्त विमान म्हणजे तिथं उघड्यावर ठेवलेलं सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, आणि १९७० च्या दशकात नौदलाकडे आलेलं. शाळेच्या सहली त्याच्यासमोर फोटो काढतात.

लाज बाजूला ठेवून मी पुढं वाचत गेलो, आणि आकड्यांनी मला चक्रावून टाकलं. सुपर कॉन्स्टेलेशननंतर समुद्रावरच्या टेहळणीसाठी गोव्यात १९७७ मध्ये रशियन इल्युशिन-३८ आलं. ते ३१ ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झालं. त्याच्या आधीच, मार्च २०२२ मध्ये, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर पी-८आय विमानांची तुकडी रुजू झाली होती. तीन पिढ्या, तीन वेगवेगळे कारखाने, काम एकच. आता पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर पाहा: सुपर कॉन्स्टेलेशन ३७.५ मीटर, इल्युशिन-३८ ३७.४ मीटर, पी-८आय ३७.६ मीटर. वीस सेंटिमीटरचा फरक! इल्युशिन आणि पी-८आय यांची लांबीसुद्धा साडेएकोणचाळीस मीटरच्या आसपासच.

म्हणजे निव्वळ मोजपट्टी लावली तर तिन्ही विमानं एकच ठरतात. वेगळी होतात ती आकारामुळे. पी-८आयचे पंख मागं झुकलेले, त्याखाली दोन जेट इंजिनं. इल्युशिनचे पंख सरळ, चार पंखेवाली इंजिनं, आणि गंमत म्हणजे पंख अंगाच्या बरेच पुढं बसवलेले, कारण जड उपकरणं सगळी पुढच्या भागात. वरून बघितलं की ते विमान मान आखडून बसल्यासारखं दिसतं. कॉन्स्टेलेशनचेही पंख सरळच आणि इंजिनंही चार, पण अंग माशासारखं वळलेलं आणि तीन शेपट्या.

पुढची पायरी जास्त अवघड. पी-८आय हे बोइंग ७३७ प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर बांधलेलं आहे. दाबोळीला एकच धावपट्टी नौदलही वापरतं आणि सुट्टीला येणारे पर्यटकही. प्रवासी ७३७-८०० ची लांबी तीच, साडेएकोणचाळीस. पंख मात्र ३५.८ मीटर आणि टोकाला वर वळलेले. पी-८आयच्या पंखांची टोकं वर वळत नाहीत, मागं तासल्यासारखी निमुळती होतात. दोहोंत फरक पावणेदोन मीटरचा. तीन मीटरच्या फरशीत तो बुडून जातो. अर्ध्या मीटरच्या चित्रात तीन-चार पिक्सेल मिळतात, आणि मग रंग, उभं राहायची जागा, आजूबाजूची वाहनं असे साक्षीदार बोलवावे लागतात. प्रवासी विमानाभोवती सामानाच्या ट्रॉल्या, जिने, बस यांची वर्दळ असते. लष्करी विमान बहुधा ऐसपैस एकटं.

मोजताना आणखी एक फसगत होते. जहाजावर चढणाऱ्या विमानांचे पंख दुमडतात. मिग-२९के बारा मीटरवरून पावणेआठ मीटरवर येतं. पंख दुमडलेलं विमान बघून ‘हे कुठलं नवीन छोटं विमान’ असा शोध लावणारे लोक मी पाहिले आहेत.

सावली खोटं कमी बोलते

वरून बघताना उंची मेलेली असते. जहाजाची डोलकाठी वरून एक टिंब, विमानाची शेपटी एक रेघ. त्यांचं खरं रूप सावलीत पडतं, कारण सावली म्हणजे बाजूने बघितलेली आकृती. कॉन्स्टेलेशनच्या तीन शेपट्या मला आधी सावलीतच दिसल्या होत्या.

बहुतेक प्रकाशचित्र घेणारे उपग्रह एखाद्या ठिकाणावरून सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातात. डिसेंबरात त्या वेळी गोव्यावर सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणून सावली जवळपास वस्तूच्या उंचीइतकीच पडते. जेट्टीवर क्रेनची सावली तीस मीटर असेल तर क्रेनही तेवढीच. मे महिन्यात सूर्य त्या वेळी बराच वर चढलेला असतो आणि सावली उंचीच्या चाळीस टक्क्यांवर येते. चित्राची तारीख माहीत नसेल तर हा हिशेब उलटा चालवता येतो: ओळखीच्या इमारतीची सावली मोजायची आणि ‘कालचा’ म्हणून आलेला फोटो खरंच या ऋतूतला आहे का ते तपासायचं. जुने फोटो नवे म्हणून खपवणाऱ्यांना ही युक्ती हमखास पकडते. पावसाळ्यातल्या ‘ताज्या’ फोटोत गोव्याचे डोंगर जर तांबूस-पिवळे दिसत असतील तर सावली मोजायचीही गरज नाही.

सावल्या आपल्याकडे डिसेंबरात वायव्येला, म्हणजे चित्रात वरच्या बाजूला पडतात. डोळ्यांना सवय प्रकाश वरून यायची, त्यामुळे कधी कधी खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. डिचोली-सांगेच्या खाणींची चित्रं बघताना हे फार होतं. फोन उलटा धरा, सगळं जागेवर येतं.

उपग्रहाची वेळ ठरलेली असते, ही गोष्ट बघणाऱ्याला सोयीची तशी लपवणाऱ्यालाही. १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि चाचणी थांबवावी लागली. १९९८ मध्ये तीच कामं रात्री उरकली गेली, आणि मे महिन्यात स्फोट झाल्यावरच जगाला कळलं.

जहाजाची ठेवण

युद्धनौका आणि मालवाहू बोट यांत पहिला फरक अंगकाठीचा. मुरगावची १६३ मीटर लांबी १७ मीटर रुंदीने भागा, साडेनऊच्या आसपास येतं. मोठी खनिजवाहू बोट सव्वादोनशे मीटर लांब आणि बत्तीस मीटर रुंद, भागाकार सात. आपल्या नद्यांतला बार्ज त्याहूनही बसका. वेगाने धावायचं जहाज सडपातळ, ओझं वाहायचं जहाज पोटाळू. भाच्याने पाठवलेल्या चित्रात बार्जची रुंदी बोटीत मिसळली होती, म्हणून त्याला पोटाळूपणा डेकसारखा वाटला.

मग डेकवर काय आहे ते बघायचं. खनिजवाहू बोटीवर चौकोनी झाकणांची रांग असते आणि खलाशांची इमारत पार मागं. तेलवाहू बोटीच्या मधोमध नळ्यांची जाळी. युद्धनौकेची इमारत मध्यभागी, पुढं तोफेचं टिंब, मागं हेलिकॉप्टर उतरायची मोकळी जागा आणि तिच्यावर रंगवलेलं वर्तुळ. वास्कोच्या गोवा शिपयार्डात तटरक्षक दलासाठी बांधलेल्या १०५ मीटरच्या गस्ती नौकांनाही ही मागची जागा असते. म्हणून निव्वळ वर्तुळ दिसलं की विनाशिका, असं म्हणता येत नाही.

चालतं जहाज मागं शेपूट सोडतं. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवलं की खोल पाण्यात ही इंग्रजी ‘व्ही’सारखी लाट दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांनी उघडते, मग पुढं बदक असो की विमानवाहू नौका. त्यामुळे कोनावरून वेग कळत नाही. कळतो तो ‘व्ही’च्या आतल्या आडव्या लाटांच्या अंतरावरून. दहा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाला दोन लाटांत सतरा मीटर अंतर, वीस नॉटला अडुसष्ट. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. मालवाहू बोटी सहसा बारा-पंधरा नॉटने जातात. लाटांतलं अंतर शंभर मीटरच्या वर दिसलं तर ते जहाज घाईत आहे आणि घाईचं इंधन कुणीतरी भरतं आहे.

उडत्या विमानाची तऱ्हा निराळी. सेंटिनेल-२ निळा, हिरवा आणि लाल रंग एकाच क्षणी टिपत नाही. पहिल्या आणि शेवटच्या रंगात सेकंदाभराचं अंतर पडतं. तेवढ्यात उंचावरचं प्रवासी विमान दोन-अडीचशे मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून चित्रात एकामागोमाग तीन रंगीत भुतं दिसतात. हा इंद्रधनुषी ठिपका दरवर्षी कुणीतरी उडती तबकडी म्हणून प्रसिद्ध करतं.

मृगाच्या ढगांखाली

हे सगळं जूनमध्ये कोसळतं. मृग लागला की सप्टेंबरपर्यंत आपल्या आकाशावर ढगांची गोधडी, आणि प्रकाशाचा कॅमेरा आंधळा. तेव्हा रडार उपग्रह लागतो. सेंटिनेल-१ स्वतःच रेडिओलहरी सोडतो आणि त्यांचा परतलेला पडसाद टिपतो. त्या लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या, ढगांतून आरपार जातात. रात्रही चालते.

शांत समुद्र रडारला आरशासारखा. लहर आदळली की पलीकडे निघून जाते, म्हणून पाणी काळं. जहाज मात्र लोखंडी कोनांचं बनलेलं. भिंत आणि डेक यांच्या काटकोनात लहर दोनदा आपटून आली तशी परत जाते, म्हणून जहाज झगमगतं. मोठ्या जहाजाभोवती प्रकाशाचा क्रूससुद्धा उमटतो. नाताळात आपल्याकडे घराघरांवर टांगलेला नक्षत्र जसा दुरून दिसतो, तसाच. त्या चमकेत जहाजाची ठेवण हरवते. रडार ‘कुठं’ आणि ‘साधारण केवढं’ हे छान सांगतं, ‘कोण’ हे क्वचितच.

रडारची एक खोड मला आवडते. उपग्रहाच्या दिशेने किंवा उलट जाणारं जहाज चित्रात स्वतःच्या लाटेपासून काहीशे मीटर बाजूला उमटतं. लाट एकीकडे, जहाज दुसरीकडे, रुळावरून उतरलेल्या गाडीसारखं. चूक वाटते, पण त्याच अंतरावरून जहाजाचा वेग काढता येतो.

आता ठिपक्यांना नावं कशी द्यायची? आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस हे यंत्र लावणं बंधनकारक आहे. ते आपलं नाव, जागा, वेग सतत ओरडून सांगत असतं. रडारचे ठिपके आणि एआयएसची नावं एकावर एक ठेवायची. जुळली ती सोडून द्यायची. उरतात ते मुके ठिपके. युद्धनौकांना एआयएसची सक्ती नाही, म्हणून मुक्यांत त्या असू शकतात. पण मुका म्हणजे युद्धनौका, हा तर्क साफ चुकीचा. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या औद्योगिक मासेमारी बोटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश सार्वजनिक यंत्रणेत दिसतच नाहीत.

इथं गोव्याचं पंचांग कामाला येतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी. मे अखेरच्या रडारचित्रात किनाऱ्याबाहेर ठिपक्यांचा सडा असतो. जूनच्या चित्रात समुद्र झाडून काढल्यासारखा, आणि मालीम, कुटबण, खारीवाडा इथल्या जेट्ट्या गच्च. त्या दोन महिन्यांत दूर समुद्रात एखादा मुका ठिपका उरला तर त्याचा विचार करायला जागा आहे. तोच ठिपका ऑक्टोबरात दिसला तर बांगड्यांचा हंगाम आठवावा.

यंत्राला फेरीबोट दाखवली

भाच्याला हे सगळं ऐकून कंटाळा आला असावा. "हे आता एआय करतं, मामा," म्हणाला, आणि तयार मिळणारं एक मॉडेल त्याने लॅपटॉपवर चढवलं.

मॉडेलला आधी माणसांनी चौकटी आखलेली हजारो चित्रं दाखवतात: हे जहाज, हे विमान, हा ट्रक. २०१८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने खुला झालेला एक्सव्ह्यू नावाचा संच आहे, त्यात ३० सेंटिमीटरच्या चित्रांतल्या सुमारे दहा लाख वस्तूंवर ६० प्रकारांची लेबलं आहेत. पूर्वी चौकटी सरळ उभ्या-आडव्या असायच्या. जेट्टीला तिरकी लागलेली दोन जहाजं असली की एकाच्या चौकटीत दुसऱ्याचं अर्धं अंग यायचं. आता चौकट जहाजाबरोबर फिरवतात. त्यातून नाक कुठं आणि शेपूट कुठं हेही कळू लागलं.

भाच्याने मांडवीचं चित्र दिलं. पणजीसमोरच्या कॅसिनो बोटी यंत्राने प्रवासी जहाजं म्हणून बरोबर ओळखल्या. बेतीची फेरीबोट मात्र त्याने सैनिक उतरवायची नौका ठरवली, ८७ टक्के खात्रीने. भाचा हसला, पण यंत्राची बाजू मला पटते. सपाट डेक, पुढं खाली पडणारी फळी, वर गाड्या. ज्याने बेतीला कधी धक्का पाहिला नाही त्याने आणखी काय म्हणावं? त्याच्या यादीत ‘फेरीबोट, गोवा सरकार’ असा रकाना नव्हता, म्हणून सगळ्यात जवळचा रकाना निवडला. आणि ती ८७ टक्के खात्री म्हणजे सत्याची टक्केवारी नव्हे. आपल्या ओळखीच्या रकान्यांपैकी हा किती जुळतो, एवढंच ती सांगते.

यंत्राची खरी कमाल वेगळ्या जागी आहे. सेंटिनेल-१ एका फेरीत अडीचशे किलोमीटर रुंद पट्टा टिपतो. त्यातला प्रत्येक ठिपका माणूस बघू शकत नाही. यंत्र दोन हजार ठिपक्यांतून चाळीस काढून देतं, आणि त्या चाळिसांवर माणूस बसतो. माणसाला काढून टाकलं की फेरीबोटीची चढाई होते.

त्यात समोरचाही गप्प बसलेला नसतो. २०२३ मध्ये रशियाने अ‍ॅडमिरल एसेन या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेचं नाक आणि शेपूट गडद रंगवलं, म्हणजे वरून ती आखूड दिसावी. एंगेल्स तळावर बॉम्बफेकी विमानांच्या पंखांवर टायर रचले. चीनने तक्लामकान वाळवंटात अमेरिकी विमानवाहू नौकेच्या आकाराचं लक्ष्य उभारलं होतं, ते २०२१ च्या चित्रांत सापडलं. समुद्रापासून शेकडो कोस दूर वाळूत उभी नौका. तिथं जागाच साक्ष देते, पण जेट्टीवर रंगवलेल्या आकृतीला सावली आहे का, हे बघावंच लागतं.

बघणं आणि सांगणं

२००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी गुगल अर्थवर देशाची संवेदनशील ठिकाणं उघडी पडतात म्हणून जाहीर चिंता व्यक्त केली होती. त्यानंतर धोरण सैलच होत गेलं: २०११ मध्ये एक मीटरपर्यंतची उपग्रहचित्रं सर्वांना खुली झाली, २०२१ मध्ये नकाशांवरची बरीच बंधनं उठली. सार्वजनिक चित्र बघणं, मोजणं, शिकणं यात काही गैर नाही. पण आपल्या तळावर आज काय उभं आहे आणि कोण कधी बाहेर पडलं हे तारखेनिशी ग्रुपवर टाकणं मला पटत नाही, आणि भाच्यालाही मी ते बजावून ठेवलं आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे. शिवाय त्या जहाजांवर आपल्याच गावची पोरं असतात.

सराव करायचा तर कांदोळीचा किनारा काढा. जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस ही खनिजवाहू बोट तिथं वाळूत रुतली ती दशकभर हलली नाही. गुगल अर्थवर जुन्या तारखांची पट्टी मागं सरकवत नेली की ती सापडते. तिची लांबी-रुंदी काढा, भागाकार करा, झाकणांच्या खुणा शोधा, सावली मोजा. वर्षागणिक ती कशी खचत गेली तेही दिसेल. दुसऱ्या कुठल्या जहाजाने नवशिक्यांना इतका वेळ दिलेला नाही.

भाचा त्याआधी दुसरीकडे गेला. एका रविवारी आम्ही दोघं बोगमाळोला उतरलो. तिकीट काढून तो थेट कॉन्स्टेलेशनपाशी गेला आणि पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेकडेने पावलं टाकत चालला. पन्नास पावलं. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं, ते त्याने घरी मोजून आणलं होतं. मनात गुणाकार करून माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, आणि मागच्या बाजूला जाऊन शेपट्या मोजायला लागला.